चाकांच्या खोलीचं वजन

॥ श्री ॥
रोहा, ३ फेब्रुवारी २०२६

चि. गोविंदास,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद द्यायची पद्धत आहे म्हणून दिले. मनात आज दुसरंच काही येत होतं. तू पिकअप बुक केलास हे मला कळलं कुठून, तर तुझ्या मुलाच्या, साहिलच्या स्टेटसवरून! सख्खी बहीण मोबाईलमध्ये बघते की भावानं गाडी घेतली, आणि गाडीपुढे नारळ घेऊन शोरूमवाला उभा.

फोनवर मी तुला सोलून काढला असता. पण बाबांचा नियम मोडवत नाही. कारखान्यात डोळ्यांची आखणी चालू असताना घरात आवाज चढवायचा नाही, हात हलला तर गणपती तिरळा होतो. भांडायचंच असेल तर कागदावर भांडा. तुझ्या हमरापूरच्या कारखान्यात आखणी बारा महिने चालू असते, म्हणून हे पत्र.

सरूच्या छातीत रंगाची धूळ बसली आहे, तिला निदान सहा महिने रंगापासून लांब ठेवा, असं पेणच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर तू चाकांची खोली करायला घेतलीस. कॅम्पर म्हणतात ना त्याला, तेच. बायकोला फिरवून आणीन म्हणालास, तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. पस्तीस वर्षं तुमचे गणपती गावोगाव गेले आणि ती माउली पेणच्या बाजारापलीकडे गेली नाही. खोली धाटावच्या फॅब्रिकेटरकडे केलीस, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आणि ती ओढायला गाडी कुठली घ्यावी हे मात्र शोरूममधल्या कालच्या पोराला विचारलंस. ज्या माणसानं कंपनीचे टँकर एकतीस वर्षं घाटातून चढवले-उतरवले, तो तुझा दाजी इथे व्हरांड्यात पेपर वाचत बसलाय. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

आज जेवताना यांनी नेहमीचं ताक मागितलं नाही. त्यावरून काय ते समज.

लोभ आहेच, तो मागावा लागत नाही. थोडी अक्कल मात्र माग कुणाकडून तरी.

तुझी ताई,
बायजा

॥ श्री ॥
हमरापूर, ७ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सरूनं विचारलं काय लिहिलंय, तर आशीर्वाद पाठवलेत असं सांगितलं.

दाजींना का विचारलं नाही ते आता स्पष्टच लिहितो. मी दिवाळीत विचारलं होतं. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला की ओढायचं असेल तर डिझेल घे, बाकी सगळी खेळणी. पुढे ऐकायलाच तयार नाहीत. ताई, डिझेलची गाडी अंगणात सुरू केली की सरूला ढास लागते. मागच्या महिन्यात गणपती न्यायला टेम्पो आला, तो निघून गेल्यावर अर्धा तास ती ओट्यावर वाकून बसली होती. जिच्यासाठी एवढा खटाटोप, तिलाच धुराच्या मागे बसवू? म्हणून मला पेट्रोलचाच पिकअप पाहिजे होता आणि तोच मी घेतला. आता यात माझं काय चुकलं?

आणि मी काही डोळे मिटून घेतलेला नाही. खोली तयार झाली त्या दिवशी धाटावच्या वजनकाट्यावर नेली. भरली एक हजार पन्नास किलो. या पिकअपच्या हौद्यात दीड टन माल जातो, तर मग मागचा एक टन तो हसत ओढेल, असं शोरूमवाला म्हणाला. हिशेब सरळ आहे. माझं आयुष्य मूर्तींची वजनं करण्यात गेलं, मला वजन शिकवू नका.

गाडी पांढरी आहे. हुक बसवून घेतला. खोली फॅब्रिकेटरनं ट्रकवर घालून अंगणात आणून दिली. सरू खूश आहे, सकाळपासून खोलीत भांडी लावत असते. निदान तिचा आनंद तरी बघा आणि दाजींना ताक घ्यायला सांगा.

कळावे. राग असेल तेवढा ठेवा, पण माया कमी करू नका.

तुझा,
गोविंदा

॥ श्री ॥
रोहा, ११ फेब्रुवारी २०२६

चि. गोविंदास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. खेळणी म्हणालो हे खरं, असं यांनी कबूल केलं. सरूला ढास लागते हे तू दिवाळीत सांगितलं नव्हतंस, सांगितलं असतंस तर डिझेलचं नाव काढलं नसतं, असंही म्हणाले. मग उठून चष्मा घेतला आणि म्हणाले, लिही. तर आता हे यांचं बोलणं, माझ्या अक्षरात.

हौद्यात माल वाहणं वेगळं, मागे ओढणं वेगळं आणि ओढत असलेलं थांबवणं तिसरंच. चढावर गाडी दमेल, दमू दे, घाई कुणाला आहे. खरी परीक्षा उतारावर. तिथे मागचं ओझं पुढच्याला ढकलतं. म्हणून ओढणारा ओझ्यापेक्षा चांगला जड पाहिजे आणि खोलीला स्वतःचे ब्रेक पाहिजेत. तुझ्या खोलीला ब्रेक आहेत का, हे यांनी फॅब्रिकेटरकडे जाऊन विचारलं. नाहीत. तुम्ही सांगितले नाहीत, म्हणून आम्ही लावले नाहीत, म्हणाला.

पेट्रोलचाच हट्ट असेल तर अलिबागला एका बंगलेवाल्याचा बाहेरच्या देशातला मोठा पिकअप विकायला आहे. आठ सिलिंडरचा, अडीच टनाचा. पेट्रोल पाण्यासारखं पितो, पण तुझी खोली ओढेलही आणि अडवेलही. हे स्वतः एसटीनं जाऊन बघून आले. तुझ्यावर चिडलेला माणूस, बरं का, दोन गाड्या बदलून गेला.

आता माझं ऐक. तू वजन केलंस ते रिकाम्या खोलीचं. गणपतीवाल्यांच्या घरात जन्मलास म्हणून ही चूक केलीस, दुसऱ्या कुणी केली नसती. आपला माल ओला असतो तेव्हा जड आणि रोज वाळून हलका होतो. पहिल्या दिवशी केलेलं वजन हेच सगळ्यात जास्त, पुढे कमीच व्हायचं, हे आपल्या हाडात बसलंय. पण घर वाळत नाही रे! घरात बाई शिरली की ते रोज जड होतं. दोनशे लिटरची टाकी, सिलिंडर, गाद्या, आणि परवा सरूच फोनवर सांगत होती की पाटा-वरवंटा ठेवला, तांदळाचा डबा ठेवला, आपल्या आईचं पितळी घंगाळ ठेवलं. पुन्हा काट्यावर ने. आणि ब्रेक लागेपर्यंत काट्यापलीकडे खोली नेऊ नकोस.

शहाण्याला शब्दाचा मार. तू शहाणा आहेस असं धरून चालते.

तुझी ताई

॥ श्री ॥
हमरापूर, २० फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी चिडलो. खोटं कशाला लिहू. दोन दिवस ते आखणीच्या पाटाखाली ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी, तुम्हाला दाखवायचंच म्हणून, खोली जोडून गागोद्याच्या रस्त्याला लागलो.

चढ चढला. मी जिंकल्यासारखा हॉर्न वाजवला. उतारावर दाजींचा शब्दन् शब्द खरा झाला. ब्रेक दाबला तर गाडी थांबेना, मागून कुणीतरी खांद्यानं ढकलावं तसं व्हायला लागलं. मग खोली डावीकडे झोकली, तिनं गाडीचं शेपूट फिरवलं आणि आम्ही बांधाला जाऊन टेकलो. पत्रा चेपला, एक चाक निखळलं. गावातल्या लोकांनी ट्रॅक्टर लावून ओढून काढलं.

आता जे लिहितो ते वाचून तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. सरू खोलीत होती. पुढे बस म्हणालो तर भांडी पडतील म्हणून मागे बसली, आणि मी बसू दिलं. पाटा घसरून तिच्या गुडघ्यावर आला. हाड वाचलं. सूज आहे. माझ्याशी ती तेव्हापासून बोललेली नाही.

नंतर वजन केलं. एक हजार सहाशे ऐंशी.

मला स्वतःचा इतका संताप आला आहे की हातात ब्रश धरवत नाही. तरीही एक लिहितोच. तुम्ही दोघं बरोबर निघालात याचा मला अजून राग येतो. दाजींना सांग, अलिबागचा पिकअप ठरवा. खोलीला ब्रेक लावून घेतो. म्हणतील तसं करतो.

माया आहे ना? एवढंच कळव.

गोविंदा

॥ श्री ॥
रोहा, २२ फेब्रुवारी २०२६

गोविंदा,

आज आशीर्वाद नाहीत.

चालत्या खोलीत बायकोला बसवलंस! मूर्ती नेताना तिच्या पायाशी पेंढा घालतोस, पोटाला दोरी बांधतोस, शेजारी माणूस बसवतोस. सरूला काय बांधलं होतंस?

हे आज अलिबागला गेले आहेत. सरूचा गुडघा बरा झाला की मला लिही. माया आहे. आत्ता ती फक्त तिच्यासाठी आहे.

बायजा

॥ श्री ॥
हमरापूर, २६ फेब्रुवारी २०२६

ती. वन्संना,
सरूचा शिरसाष्टांग नमस्कार.

माझा गुडघा बरा आहे. तुमची सगळी पत्रं मी वाचली. आखणीच्या पाटाखाली ठेवलेलं मला सापडणार नाय असं यांना कसं वाटलं, देव जाणे. तुमच्या घराण्यात राग कागदावर काढतात ना, मग आता माझाही घ्या. मी लिहायला हळू आहे, पण राग भरपूर आहे.

दिवाळीपासून डिझेल की पेट्रोल, किती टन, किती सिलिंडर, ब्रेक कुठे, हेच चाललंय. यांनी फॅब्रिकेटरला विचारलं, शोरूमवाल्याला विचारलं. दाजींनी बंगलेवाल्याला विचारलं. तुम्ही माझ्या मायेनं लिहिता ते मला कळतं, पण वन्सं, तुम्हीही पाटा बघितलात आणि त्याचं वजन केलंत. फिरायला जाणारी बाई पाटा-वरवंटा नेते का हो? सासूबाईंचं घंगाळ नेते? तांदळाचा डबा नेते?

मला वाटलं, मला घालवतायत. कारखाना हलत नाय, गिऱ्हाईक हलत नाय, मग आजारी बाई हलवा. चाकांवर खोली बांधली म्हणजे आता हेच तुझं घर, असं मी समजले. म्हणून एकेक करून माझं सगळं तिच्यात भरलं. हे म्हणायचे, बघा किती खूश आहे. मी भांडी लावताना रडत होते, आणि यांना वाटायचं रंगानं डोळे चुरचुरतायत.

खोली बांधावर आदळली तेव्हा पाटा गुडघ्यावर घेऊन मी खाली बसले होते. तिथे एकच विचार आला. रंग मारायची गन यांची, कॉम्प्रेसर यांचा, धूळही यांचीच. आणि घर सोडून मी का जायचं? रंगानं जावं!

तर मी आता असं ठरवलंय आणि यांना काल सांगितलंय. खोलीतला पलंग, टाकी, गाद्या काढायच्या. कॉम्प्रेसर आणि गन तिच्यात बसवायची, दोन मोठे पंखे लावायचे आणि खोली कालव्याकडच्या शेतावर नेऊन उभी करायची. दहा-दहा मूर्ती न्या, तोंडाला नीट मास्क बांधून तिथे रंगवा, वाळल्या की आणा. घरात फक्त आखणी. आखणीनं धूळ उडत नाय आणि आवाजही होत नाय. हे उठून बाहेर गेले आणि पंख्याची मापं घेऊ लागले.

रिकामी खोली सपाट रस्त्यानं अर्धा कोस न्यायला हा पांढरा पिकअप पुष्कळ झाला. ब्रेक लावून मगच न्यायची, हे दाजींचं ऐकायचं. अलिबागच्या गाडीला नाही म्हणून कळवा. दाजी दोनदा गेले, त्यांना माझा वेगळा नमस्कार सांगा आणि ताक प्यायला लावा.

पाटा मी जागेवर ठेवला आहे. घंगाळही.

सूज उतरली की होळीनंतर तुमच्याकडे चार दिवस यायचा विचार आहे. गाडी पेट्रोलची आहे, ढास लागायची नाय. मी पुढे बसेन. मागे हुकाला काही जोडलेलं नसेल, आणि पाचव्या दिवशी मी माझ्या घरी परत जाईन.

तुमची,
सरू