बिनतापाची हुडहुडी

बोरीवली,
पौष महिना, १९५६

तीर्थरूप अनंतमामा,

तुमच्या पायांवर श्यामकांतचं डोकं. अक्षर वेडंवाकडं आलंय म्हणून रागावू नका, हात अजून पुरता थाऱ्यावर नाही. पेणला तुमचा दमा, मामींचे गुडघे आणि चि. मधुकर ठीक असतील अशी आशा आहे. (मधुकरच्या मुंजीचा विषय शेवटी काढतो.) इकडे आई बरी आहे. मीही बरा आहे असं डॉक्टर म्हणतात, आणि त्याचाच मला जबर धक्का बसला आहे.

झालं असं, की मार्गशीर्षापासून मला रोज सकाळी हुडहुडी भरू लागली. आंघोळ करून पूजेला बसलो की दात वाजायला सुरुवात, ती थेट ऑफिसला निघेपर्यंत. शाळिग्राम ताम्हनात ठेवायला जावं तर तो कुंकवाच्या कोयरीत. (बाळकृष्ण दोनदा पाटाखाली गेला. आईने त्याची माफी मागितली, माझी विचारपूस केली नाही.) थंडी वाजते म्हणजे हिवताप, हे आमच्या आळीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण डॉक्टरांनी थर्मामीटर लावला तर ताप नाही! दुसरा आणवला, त्यातही नाही! अंग लटलटतंय आणि पारा जागचा हलत नाही, असं कुठे पाहिलंय का तुम्ही? ताप असता तर हक्काने पांघरूण घेऊन पडलो असतो. बिनतापाच्या माणसाला ऑफिसात रजा नाही आणि घरात किंमत नाही. शेजारच्या शेवंतीबाईंनी तर माझ्या अंगात येतं असंच ठरवून टाकलं. नारळ घेऊन दारात बसल्या आणि जावयाची बदली कधी होईल म्हणून विचारू लागल्या. दात वाजत असल्यामुळे मला बोलता येईना. मान हलत होती, तिच्यावरून त्यांनी ‘चैत्रात’ असा अर्थ काढला आणि घरी जाऊन तसं पत्रही टाकलं.

हेही सोसलं असतं. पण आपल्या कुंदाला बघायला मुलुंडची मंडळी आली, तीही रविवारी सकाळीच. मी पूजेवरून नुकता उठलेला. (बाबा गेल्यापासून बैठकीत बसायला घरचा पुरुष मीच.) मुलाचे वडील माणिकराव यांच्या हातात कपबशी देताना ती अशी खुळखुळली, की बशी त्यांच्या हातात आणि चहा धोतरावर. मग निरोप आला : मुलगी पसंत आहे, पण भावाला कंपाचा विकार दिसतो, घराण्यातलाच असेल तर विचार करावा लागेल. कुंदा आत जाऊन निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसली. माझ्या दातांपायी पोरीचं जमत आलेलं लग्न मोडायची वेळ आली होती.

आणि परवा सकाळी माणिकराव न कळवता दारात उभे! विकार डोळ्यांनी बघायला आले होते. मी ओलेत्याने पूजा करत होतो. (आमची धुण्याची दोरी शेवंतीबाईंबरोबर सामाईक आहे. सोवळ्याचं धोतर वाळत घातलं की त्यांची नातवंडं त्याला लोंबकळतात आणि सोवळं संपतं. म्हणून आईचा निवाडा असा, की विहिरीवर आंघोळ करायची आणि त्याच ओल्या पंच्याने पूजेला बसायचं. डोंगरावरून येणारा इथला वारा तुम्ही अनुभवलाच आहे.) आई त्यांना थर्मामीटरची कथा सांगत होती. माणिकरावांनी माझ्याकडे पाहिलं, पाटाखालचं तळं पाहिलं आणि ओरडलेच, “अहो, ओल्या पंच्यानं उपाशीपोटी बसवलंय याला, आणि ताप कसला मोजताय?” स्वतःची शाल काढून त्यांनी माझ्या अंगावर टाकली. त्याबरोबर आई किंचाळली, “शिवलात! आता त्याला पुन्हा आंघोळ!” माणिकराव इतके हादरले की मटकन खाली बसले, ते नेमके नैवेद्याच्या पाटावर.

मग त्यांनीच समजावलं. अंग गार पडलं की ते थरथरून ऊब करतं, त्याला ताप लागत नाही. अंग कोरडं करा, लोकरीचं घाला, पोटात गरम पेज जाऊ द्या. एवढं करून थंडी थांबली नाही तर मात्र डॉक्टरला सोडू नका. मामा, डॉक्टरांनी माझी जीभ पाहिली, हिवतापाने सुजते ती पोटातली पानथरी चाचपली, पण पूजेला काय नेसतोस हे विचारलं नाही. आणि मलाही सांगायचं सुचलं नाही! ओलेतं हा धर्म आणि थंडी हे दुखणं, दोघांची कुठे गाठ पडत असेल हे डोक्यातच आलं नाही. आता पेज चालू आहे, दात गप्प आहेत आणि कुंदाचं लग्न माघात ठरलं आहे.

तुमचा (कोरडा) भाचा,
श्यामकांत

ता. क. : जाताना माणिकरावांनी विचारलं, घरात पूजेला रेशमी मुकटा नाही का? रेशमाचं सोवळं रोज धुवावं लागत नाही. आईने भिंतीकडे पाहिलं. मामा, बाबांचा मुकटा मधुकरच्या मुंजीला तुम्ही नेलात तो अजून पेणलाच आहे. कन्यादानाला मला तो हवा. माघात ओलेत्याने उभा राहिलो तर कुंदाचा हात नवऱ्यामुलाच्या हातात पडेल की भटजींच्या, सांगवत नाही.

आणखी ता. क. : पार्सलने पाठवू नका, स्वतः घेऊन या. मुकटा ठेवून घेतल्याच्या संकोचाने तुम्ही आमच्याकडे येत नाही, असं आई म्हणते. बाबांच्या जागी उभं राहून कुंदाला देताना मी कोरडा असलो तरी थरथरणार आहे. त्यावर पेज चालायची नाही. तुम्ही माझ्या मागे उभे राहा. मुकट्याला डाग पडला असेल तर पडू द्या, ती बाजू मी आत खोचीन.