सुग्रीव सेलूला वाढला की पिंगळीला?

पिंगळी,
मृगाचा पहिला आठवडा, सन १९५८

आमचे थोर व्याही राजश्री किशनराव यांना मुंजाजीचा हात जोडून रामराम.

पत्राला फार उशीर झाला, माफी असावी. कारण तबियत नाही. तबियत ठीक आहे (कंबर सोडून, तिचं पुढे येईल). कारण असं की, आपण आमच्या सूनबाईंबरोबर, म्हणजे आपल्या वच्छलाबरोबर, निरोप धाडलात की सुग्रीव चौथी पास झाला, पिंगळीला पुढची शाळा नाही, तेव्हा पाचवीला नातवाला सेलूला आमच्याकडं ठेवा. त्या निरोपाला काय जवाब द्यावा ते मला सुचेना. (निजाम गेला, हैदराबाद गेलं, आता मुंबईचं राज्य आलं, पण आमची शाळा चौथीच्या पुढं काही सरकली नाही.) कागद पुढ्यात घेतला की राग यायचा, आणि रागात माझं अक्षर उजवीकडून डावीकडं पळू लागतं, कारण दोन जमाती शिकलो त्या उर्दूत. म्हणून थांबलो.

आपला गुडघा कसा आहे? दुखत असेल तर वाईट वाटतं, दुखत नसेल तर या वयात कसा दुखत नाही याचं नवल वाटतं. विहीणबाईंना नमस्कार. अडतीवर कापूस भरपूर येत असेलच. तुमच्याकडं सगळंच भरपूर येतं.

आता मनातलं लिहितो. सुग्रीवचे दुधाचे दात, पडले तेवढे सगळे, आमच्या घरी पडले. प्रत्येक दात शेणाच्या गोळ्यात घालून मी माझ्या हातानं माळवदावर फेकला, मान वर करून, कुणाची नजर पडू न देता. आणि नवे दात? ते सेलूला आले. सुट्टीत बोळकं घेऊन गेला आणि पुढं फावड्यासारखे दोन दात घेऊन परत आला, आणि विहीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणाल्या, आमच्याकडं आला की लेकराला दात फुटतात. पडझड आमच्याकडं आणि उगवण तुमच्याकडं, हा कुठला न्याय?  हे मनात राहिलं.

यंदाही परीक्षा झाली की तो आईबरोबर तुमच्याकडं आला. परतीच्या दिवशी मी स्टेशनावर गेलो. दरवेळी मी त्याला डब्यातून उचलतो आणि खांद्यावर घेऊन गावात शिरतो, हे साऱ्या पिंगळीला माहीत आहे. या खेपेला उचललं तर कंबरेत कट्‌ असा आवाज झाला (ही ती कंबर), आणि वर पोचायच्या आत तो कानात म्हणाला, "आबा, खाली ठिवा की. लोक बघायलेत." लोक! आजवर लोक नव्हते का? पुढं तो आणि त्याचा दोस्त भुजंग गळ्यात गळा घालून गेले आणि मागं मी त्याची पिशवी घेऊन. दोघं काहीतरी कुजबुजत होते. मी विचारलं तर म्हणतो, आमचं गुपित आहे. दहा वर्षांच्या पोराला गुपित! पोलीस अ‍ॅक्शनच्या साली जन्मला तेव्हा रझाकारांच्या भीतीनं याला धोतरात गुंडाळून ज्वारीच्या कणगीआड घेऊन बसलो होतो मी. तेव्हा कुठं होता भुजंग?

घरी आल्यावर त्याला ओसरीच्या खांबाला उभा केला. जायच्या आधी डोक्याबरोबर विळ्यानं खूण केली होती. किशनराव, तुम्हाला खोटं वाटेल, पोरगं खुणेच्या चार बोटं वर निघालं! एका सुट्टीत! मला रात्रभर अन्न पचलं नाही. आमच्याकडं वर्षभर खातो तेव्हा खूण जागची हलत नाही, आणि तुमच्याकडं महिनाभर राहिला की चार बोटं. मी वच्छलाला खोदून खोदून विचारलं, तिथं काय देतात? ती म्हणाली, भाकरी. मला पटलं नाही. मग ठरवलं की आता याला पिंगळीला वाढवून दाखवायचा. सकाळी म्हशीचं धारोष्ण दूध, दुपारी तुपात बुडवलेली भाकरी, संध्याकाळी कडुलिंबाच्या फांदीला लोंबकळणं, त्यानं अंग लांबतं. तो लोंबकळायला लाजू लागला म्हणून मी स्वतः लोंबकळून दाखवलं. चढताना सोपं होतं. उतरवायला आमच्या बन्सीधरला, म्हणजे आपल्या जावयाला, शेतातून बोलवावं लागलं, आणि तो येईपर्यंत माझं धोतर वर आणि मी खाली अशी वेळ आली होती. भुजंग हसून हसून मातीत लोळला. आमचा पण हसला, तोंडावर हात धरून. (तोंडावर हात धरायला कुणी शिकवलं? पूर्वी सरळ हसायचा.)

रोज खांबाला उभा करायचो. केसभर हलला नाही. शेवटी मी आमच्या मंडळींसमोर, कडूबाईसमोर, बोललो की आपल्या घराच्या पाण्यातच खोट आहे, सेलूचं पाणीच वाढवणारं आहे. ती सारवत होती. हातातलं फडकं खाली ठेवून म्हणाली, "आवं, म्या उन्हाळ्यात ओसरीत माती टाकून भुई चोपून घेतली की. लेकरू न्हाई वाढलं, भुई वाढली." मी तेव्हा पाथरीला बहिणीकडं लग्नाला गेलो होतो, मला कुणी सांगितलं नाही. आल्यापासून चौकटीला डोकं लागत होतं ते मी वयावर घेतलं होतं. माती उकरून खालच्या भुईवर उभा केला तर तो खुणेच्या जेमतेम नखभर वर. किशनराव, त्या दिवशी मी गूळ वाटला. सेलूनं काही दिलं नव्हतं!

पण आनंद टिकला नाही. शाळेच्या गुरुजींना सांगितलं तर ते म्हणाले, मुंजाजीराव, या वयात मुलं उंचीनं सावकाशच वाढतात, पुढं मिसरूड फुटायच्या सुमाराला एकदम ताड होतील. आत्ता वाढ डोक्यात चाललेली असते, ती खांबावर दिसत नाही. तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे, आणि खरंच, त्याचं डोकं फार वाढलंय. मारुतीनं द्रोणागिरी उचलला म्हणालो तर विचारतो, मग त्या डोंगरावरच्या लोकांचं काय झालं? वाघ-बकरी खेळताना मी पूर्वी वाघाची चाल गुपचूप मागं घ्यायचो, त्याला कळायचं नाही. आता हात धरतो. "चाल मागं घ्यायची न्हाई, नाना घेत न्हाईत." नाना म्हणजे आपण. नियम पण सेलूचा!

परवा तर हद्द झाली. त्याच्या बकऱ्यांनी माझा वाघ कोंडला. बकरीचा एक चिंचोका सरकवला असता तर खेळ खलास. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि चिंचोका भलत्याच घरात ठेवला. वाघाला वाट मिळाली. मी जिंकलो. विचारलं, "मुद्दाम हरलास का रे?" म्हणाला, "न्हाई आबा, ध्यानातच आलं न्हाई," आणि पाणी प्यायला उठून गेला. आजवर अधूनमधून पोराला मी जिंकू देत होतो. आता तो मला देतो. हे कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही. उत्तर सेलूच आलं असतं तर सहन झालं नसतं.

आपला,
मुंजाजी

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. आपल्या निरोपाला जवाब असा : नाही. पोर अजून लहान आहे.

ता. क. दुसरा. वरचा जवाब रद्द समजावा. कागद वाया जाईल म्हणून खोडत नाही. मघाशी सुग्रीव जवळ येऊन बसला आणि म्हणाला, "आबा, म्या न्हाई जात सेलूला. मला शाळा लय आवडत बी न्हाई." भुजंगाचं सेलूला जायचं ठरलंय, याची पिशवी कधीची भरलेली आहे, आणि तोंडावर अगदी तोच चेहरा, वाघाला वाट दिली तेव्हाचा. मी एकदा जिंकलो तेवढं पुरे. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी त्याला घेऊन येतो.

ता. क. तिसरा, आणि हा कुणाला दाखवू नये. व्याह्याच्या घरी मुक्काम करणं मला शोभत नाही, पण सेलूला एखादी लहानशी खोली भाड्यानं मिळते का ते पाहावं. कडूबाईला अजून सांगितलेलं नाही. खोली अशी पाहा की शाळेतून सुटल्यावर पोराला आधी माझं दार लागेल आणि मग तुमचं. उत्तर लवकर धाडा. पोस्टमनची वाट पाहत बसणं मला झेपत नाही, म्हणून येणाऱ्या गाडीनं कुणाबरोबर तरी तोंडीच सांगून पाठवा, मी स्टेशनावरच बसलेला असेन.