सात वाजताची नोंद

डेब्रेत्सेन,
१४ नोव्हेंबर २०२३

प्रिय शारी,

अठरा वर्षांनी पत्र आलं की माणूस आधी विचारतो, कोण गेलं? कोणी नाही. मी आहे, माझा रक्तदाब आहे, आणि आपले जुने विभागप्रमुख लोरिन्त्स सरही आहेत. निवृत्त होऊनही दर मंगळवारी येतात आणि 'आमच्या वेळी' सुरू करतात. तू माकोच्या शाळेत जीवशास्त्र शिकवतेस असं कळलं. मुलं ऐकतात का? तिकडचा कांदा अजून तसाच झणझणीत आहे ना?

मला गेल्या महिन्यात पदक मिळालं. भाषणात तेच ठरलेलं सांगितलं: संप्रेरक ही किल्ली, ग्राही हे कुलूप, ते उघडलं की अळीचा कोष होतो, कोषाची माशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुलूपच नसलं तर अळीचं काय होतं, हे जिनं आधी पाहिलं ती बाई सभागृहात नव्हती.

आता मुद्द्यावर येते. येते म्हणजे, प्रयत्न करते.

संस्थेतलं आपलं माशीघर बंद होतंय. प्रयोगाच्या माश्यांचे कुठले वाण ठेवायचे, कुठले फेकायचे, हे ठरवायला मी इर्मामावशींबरोबर बसले होते. त्या अजूनही माश्यांचं खाणं शिजवतात आणि अजूनही आपल्याला काडीची किंमत देत नाहीत. एका नळीवर तुझं अक्षर दिसलं.

"हे अजून जिवंत? सांभाळायला कोणी सांगितलं?"

"फेकायला कोणी सांगितलं होतं? दर पंधरवड्याला नव्या नळीत घालते. भांडण तुम्हा दोघींचं. माश्यांनी काय घोडं मारलंय?"

मी तुझा प्रयोग पुन्हा केला. अळ्या खात राहिल्या, लठ्ठ झाल्या, मेल्या. कोष एकीनंही केला नाही. अगदी तू निबंधात लिहिलं होतंस तसं.

मग तेव्हा, तुझा निबंध नियतकालिकाकडे गेला असताना मी केलेल्या पडताळणीत, सगळ्या अळ्यांचे कोष कसे झाले? शारी, तुझ्या वाणाच्या नरांसाठी मला कुमारी माद्या हव्या होत्या. आदल्या संध्याकाळी सहाला बाटल्यांतल्या जुन्या माश्या काढून टाकल्या, कोष तेवढे ठेवले. सकाळी सातला जाऊन रात्रीत कोषातून निघालेल्या नव्या माद्या वेगळ्या काढायच्या होत्या. पण ती संध्याकाळ लोरिन्त्स सरांच्या नामदिनाच्या मेजवानीची होती. त्यांच्या मळ्यावर जर्दाळूची दारू होती, आणि नको म्हणणाऱ्याची बढती कशी अडते हे तुलाही माहीत होतं. मी अकराला पोचले. तोवर त्या माद्यांचं बाटलीतल्याच भावांशी जमलेलं होतं. तुझ्या नरांची पाळी आलीच नाही, म्हणून अळ्यांत कुलपाचा दोष उतरलाच नाही. वहीत मी लिहिलं: 'सकाळी ७.'

निकाल ऐकून तू मला जिन्यात गाठलंस. "गिझी, रागावू नकोस, पण कुमारी होत्या ना नक्की?"

"मला माश्या शिकवतेस?" मी म्हटलं. चांगलं चारजणांना ऐकू जाईल असं.

आणि तू माझी माफी मागितलीस. आठवड्यात निबंध मागे घेतलास, आणि वर्षभरात संस्थाही सोडलीस.

दारूचं निमित्त पुढं करण्यात अर्थ नाही. बढतीची जागा एकच होती. तुझं खरं ठरलं असतं तर ती तुझी झाली असती. दुसऱ्या दिवशी खरं सांगता आलं असतं, दुसऱ्या वर्षीही. पुढं मी विभागप्रमुख झाले, तेव्हा तर मला फक्त स्वतःचीच परवानगी काढायची होती.

इर्मामावशींना हे सांगितलं, तर त्या ढवळत राहिल्या. "बाई, अकराला दार मीच उघडलं होतं. म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, आपसांत बोलतील."

गेल्या आठवड्यात मी नियतकालिकाला सगळं लिहून कळवलं, वहीच्या पानाच्या फोटोसकट. लोरिन्त्स सर भडकले. "पदक मिळाल्यावर कोणी असा वेडेपणा करतं का?" मी म्हटलं, "सर, मिळण्याआधी करायला हवा होता."

तुझा निबंध नियतकालिकवाले तुझ्याच नावानं पुन्हा घेताहेत. ज्याला जनुक सापडतं, नाव त्यानं ठेवायचं, ही आपल्यातली रीत. तू मात्र म्हणायचीस, आधी पडताळणी, मग बारसं. ते राहिलं. संपादकांनी जनुकाचं नाव विचारलंय. मी तो रकाना कोरा ठेवलाय. तुला शाळेतल्या मुलांपुढं हे सगळं पुन्हा उकरायचं नसेल, तर कोराच राहू दे. त्यात माझ्या हातून आता काही लिहिलं जाणार नाही.

'तुझी मैत्रीण' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच

गिझेला