पिल्लाची आई का गेली

बुधवार, ९ ऑक्टोबर

प्रिय ठमे,

कशी आहेस? आम्ही बरे आहोत. तुझ्या भावजींची पाठ पुन्हा धरली आहे. तुझ्या भाचीने केस कानापर्यंत कापून घेतलेत आणि वर मलाच विचारते, बघतेस काय. पत्र कसलं लिहितेस आजीबाईसारखं, असं तू म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हे मधे न थांबता सांगायचंय.

आमच्या समितीचं काम तुला माहीत आहे. लहान मुलांची कार्टून दाखवण्याआधी आम्ही तपासतो. फाईलवर भाग बनवणाऱ्याचं नाव नसतं. चार वर्षांची बारा मुलं बसवतो, भाग दाखवतो आणि शेवटाच्या जरा आधी थांबवून विचारतो, असं का झालं?

गेल्या आठवड्यात पाणमांजराच्या पिल्लाचा भाग आला. पिल्लू चिडून आईला 'जा' म्हणतं. सकाळी आई नसते. मग पिल्लू शहाणं होतं, मुळीच रडत नाही, आणि आई परत येते. चित्रं इतकी गोड की आमचे कारकूनही खुर्ची ओढून बसले. नऊ मुलं म्हणाली, पिल्लामुळे आई गेली. एक मुलगी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसली होती.

मी अहवाल लिहायला घेतला. या वयात मुलाला वाटतं, आपल्या मनात आलं म्हणून तसं घडलं, ही गोष्ट त्या समजाला खतपाणी घालते, नापसंत. हात सरावाने चालत होता. आई गेल्यावर पिल्लाची मोठी बहीण त्याला काय म्हणते ते उतरवायला भाग पुन्हा लावला.

"तू त्रास दिलास म्हणून गेली. आता रडलंस तर येणारच नाही."

पेन खाली ठेवलं. हे वाक्य माझं आहे, ठमे. म्हणजे तू दोन वर्षं खपते आहेस तो भाग हाच.

आई उपचारांना गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तू चार. तू दोन दिवस रडत होतीस, मावशी हैराण झाली होती. मी ते म्हणाले आणि तू नळ बंद केल्यासारखी गप्प झालीस. पोरगी किती समजूतदार, म्हणून मावशीने माझी पाठ थोपटली. पाच महिने तू रडली नाहीस. आई परत आली तेव्हा तिच्याजवळ जाण्याआधी तू माझ्याकडे पाहिलंस, जाऊ का म्हणून. चार वर्षांच्या मुलीला काय आठवणार, असं म्हणत मी इतकी वर्षं काढली. मुलांचं मन कसं घडतं ते शिकले, लोकांना शिकवलंही.

काल फाईल परत केली. भाग बनवणारी माझ्या नात्यातली आहे, एवढंच लिहिलं. पुढच्या सोमवारी ती दुसऱ्या बाईंकडे जाईल. त्या माझ्याहून कडक आहेत. भाग आहे तसा राहिला तर तुझ्या दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडेल. सोमवारच्या आत तुला तो मागे घेऊन बदलता येईल. हे तुला कळवणं नियमात बसत नाही. समितीला समजलं तर मला काढतील. काढू देत.

शेवट कसा बदलायचा ते मी सांगणार नाही. फक्त एक सांगते. आईच्या छातीत पाणी झालं होतं. जायचा दिवस डॉक्टरांनी तीन आठवडे आधीच ठरवला होता. बाबांनी मला सांगितलं होतं. मी तुला ते वाक्य बोलले तेव्हा मला हे माहीत होतं.

खाली सवयीने 'ताई' लिहिते आहे. तुझ्याकडे माझ्यासाठी दुसरं काही नाव असेल, तर तेही मी घेईन.

ताई