खुडूक कोंबडीच्या पानातलं पीस

रविवार, दिवेलागणीची वेळ

सूनबाईनं आज माळ्यावरची कुक्कुटपालनाची जुनी मासिकं रद्दीला काढली. "आप्पा, आता कोंबड्या तरी कुठं हाईत?" खरंच आहे. पण अंडी उबवायला बसणाऱ्या खुडूक कोंबडीच्या लेखात ते तांबूस पीस अजून आहे. आमच्या हिनं, बायकोनं, ठेवलेली खूण. हिला वाचता येत नव्हतं. मी कवितेसारखं चालीवर वाचायचो आणि ही डालग्यात अंडी मांडत विचारायची, "अवो मास्तर, विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून कोळसा ठेवायचं लिवलं न्हाय व्हय त्यात?" वाचून झालं की पीस पुढं सरकवायची. ही गेली आणि लेख अर्धाच राहिला.

आज त्या पिसापासून पुढं चालीवर वाचलं. सूनबाईनं गठ्ठ्याची सुतळी सोडली. लेख संपला. पण पीस पुढं कसं सरकवू? ते तिच्या हातचं आहे. तिथंच राहू दे.