थोरल्या साहेबांचं अनुमोदन

३ जून, सकाळी ११.२०
नोटीस आली. रजिस्ट्रार ऑफिसची. वर ठळक अक्षरांत ‘शो कॉज’. म्हणजे कारणे दाखवा. पहिली ओळ वाचली आणि केबिनचं दार लावून घेतलं. कंपनीवर कारवाई का करू नये, याचं उत्तर पंधरा दिवसांत द्या, म्हणे. काय चुकलं ते सोबतच्या अ‍ॅनेक्शरमध्ये पाहा. पाहायची गरज नाही. काय चुकलं ते मला माहीत आहे. ते मीच केलं आहे.

दुपारी १.००
घाबरून चालणार नाही. मुद्द्याने विचार केला पाहिजे.
आमची कंपनी ऑफिसच्या खुर्च्यांची चाकं बनवते. डायरेक्टर जानेवारीपर्यंत कागदोपत्री दोन: थोरले साहेब आणि त्यांचे भाऊ धाकटे साहेब. बोर्डाची मीटिंग गेल्या एकवीस वर्षांत एकदाही भरलेली नाही. मिनिट्स, म्हणजे मीटिंगचा वृत्तांत, मात्र एकवीस वर्षं वेळच्या वेळी लिहिली गेली, कारण ती मी लिहितो. मागचं पान उघडायचं, तारीख बदलायची, उतरवून काढायचं आणि चहाबरोबर धाकट्या साहेबांच्या सहीला न्यायचं. १४ जानेवारीलाही तसंच उतरवलं. ‘दोन्ही डायरेक्टर जातीने हजर.’ थोरले साहेब ९ डिसेंबरला वारले होते. शोकसभेच्या खुर्च्या मीच मांडल्या होत्या. हाताला सवय असते, त्याला कोण काय करणार!

दुपारी १.४०
खरी भीती लिहून टाकतो, म्हणजे कमी होईल. त्या मिनिट्समधला ठराव क्रमांक चार: माझी नोकरी निवृत्तीनंतर दोन वर्षं वाढवण्याचा. सूचक धाकटे साहेब. अनुमोदक थोरले साहेब. धाकट्या साहेबांना मी आधी विचारलं होतं. ते ‘बघू’ म्हणाले होते. ऑफिसच्या भाषेत बघू म्हणजे तत्त्वतः मान्यताच.
मीटिंग खोटी ठरली तर मी ३१ जानेवारीलाच रिटायर. मग घरी दिवसभर काय करायचं?
भीती कमी झाली नाही.

४ जून
निर्णय झाला. वकील नको. वकील आला की धाकट्या साहेबांना सांगणं आलं. ही केस मी स्वतः लढवणार. कायद्याच्या इंग्रजी शब्दांचा खिशात मावणारा कोश आणला. रोज चाळीस शब्द. पंधरवड्यात संपूर्ण कंपनी कायदा खिशात.
हिने विचारलं, अहो, नोटीस शेवटपर्यंत वाचलीत ना? हिला वाटतं, नोटीस म्हणजे लाइटबिल. म्हटलं, अशा गोष्टींचा रोख बघायचा असतो.

६ जून
झालेले शब्द: सहा.
‘अब इनिशियो’, म्हणजे मुळापासून. ‘अबेअन्स’, म्हणजे तूर्त स्थगित. उपयोगी शब्द आहे. सकाळचं फिरणं अबेअन्समध्ये ठेवलं.
फोन वाजला की दचकतो. आज तीनदा वाजला. तिन्ही वेळा गिऱ्हाईक. एकाला घाबरून ‘आमचं म्हणणं लेखी देऊ’ म्हणालो. त्याला फक्त चाळीस चाकं हवी होती.

८ जून, रविवार
‘अ‍ॅनेक्शर’पर्यंत पोचलो. जोडलेला कागद, तो मूळ कागदाचाच भाग समजावा. म्हणजे मूळ कागद वाचला की तोही वाचल्यातच जमा. आमचा ड्रॉवरमध्ये आहे, कुलपात. वाचला तर झोप उडेल, आणि झोप तशीही लागत नाहीये. तेव्हा घाई नाही.

१० जून, सायंकाळी ५.००
पाळत सुरू झाली. डिस्पॅचवाला सांगत आला की एक गृहस्थ बाहेर आपल्या कंपनीच्या बोर्डाकडे बघत उभे होते. फोटो काढला, वहीत काही टिपलं आणि गेले. बोर्डाचं निमित्त आहे. बोर्डाच्या बरोबर वर माझी खिडकी आहे. पडदा ओढून घेतला. डिस्पॅचवाला म्हणाला, साहेब, तुमचा चेहरा पांढरा पडलाय. त्याला म्हटलं, ट्यूबलाइट नवीन आहे.

१२ जून
A ते C एवढ्यात संपत नाही. बाकीची अक्षरं सोडून थेट हत्यारांकडे वळलो.
‘नॅचरल जस्टिस’: आपलं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा करता येत नाही. उत्तम. ‘एक्स पार्टी’: आपण गेलो नाही तर आपल्या माघारी निकाल लागतो. म्हणजे जावं लागणार. ‘कोरम’: मीटिंगला कमीत कमी किती माणसं हवीत. आमचा कोरम दोन. एक धाकटे साहेब, आणि दुसरे...
कोश मिटला.

१६ जून
उत्तर तयार. अकरा पानं! हिला पहिलं पान वाचून दाखवलं. ती म्हणाली, यात ते काय विचारतायत आणि तुम्ही काय सांगताय, काहीच कळत नाही. हीच तर खुबी आहे.
पॅरा सात तर खणखणीत झाला आहे. ‘दिवंगत डायरेक्टरांची उपस्थिती ही बोनाफाइड हेतूने नोंदवलेली असून, कोरम अपुरा होता हे मान्य केले तरी ठराव क्रमांक चारला त्याची बाधा येत नाही.’ त्यांनी काही बोलायच्या आतच त्यांचं तोंड बंद. चहाबरोबर धाकट्या साहेबांची सही घेतली. त्यांनी वाचलं नाही. आपली पद्धत शंभर टक्के निर्दोष आहे.

२४ जून, सुनावणीहून आल्यावर
जमेल तसं लिहितो.
अधिकारी बाई माझ्या भाचीच्या वयाच्या. आवाज मऊ. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, बोर्ड बदललात का? मी विचारलं, कुठला बोर्ड? दारावरचा, म्हणाल्या. कंपनी नव्या जागेत येऊन चार वर्षं झाली आणि बोर्डावर अजून जुनाच पत्ता आहे. अ‍ॅनेक्शरमध्ये तेवढंच होतं. नवा बोर्ड लावा, फोटो पाठवा, विषय संपला.
मी उठलो. त्या म्हणाल्या, बसा. माझी अकरा पानं उघडली. पॅरा सातवर पेन्सिलने मोठ्ठी खूण होती. म्हणाल्या, काका, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तुम्ही आपणहून कळवलंत.
मी ‘नॅचरल जस्टिस’ एवढंच म्हणू शकलो. त्यांनी मला पाणी दिलं. मग सांगितलं की कोरम नसलेली मीटिंग अब इनिशियो रद्द. जानेवारीचे सगळे ठराव सात दिवसांत बोर्डासमोर पुन्हा ठेवा. या वेळी खरोखरच्या मीटिंगमध्ये.

२५ जून
धाकट्या साहेबांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पॅरा सात त्यांनी स्वतःच्या सहीपर्यंत वाचला आणि चहा परत पाठवला.
मार्चपासून थोरल्या साहेबांच्या जागी त्यांच्या पत्नी, वहिनीसाहेब, डायरेक्टर आहेत. त्या मला वीस वर्षं ओळखतात. दरवर्षी मुलांची चौकशी करतात. घाबरण्यासारखं काही नाही. मला फार भीती वाटते आहे.

३० जून, दुपारी ३.००
मीटिंग भरली. कुठे बसायचं, हेच कुणाला माहीत नव्हतं.
वहिनीसाहेबांनी चष्मा लावला आणि जानेवारीची मिनिट्स मागितली. मला वाटलं, चाळतील. त्यांनी शब्दन् शब्द वाचला. ‘दोन्ही डायरेक्टर जातीने हजर’ इथे त्या थांबल्या. मग मला शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगितला. मी वाचला. ‘थोरल्या साहेबांनी सर्वांचे आभार मानले व मीटिंग खेळीमेळीत संपली.’ त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा मी ‘थोरल्या साहेबांनी’ इथेच अडकलो. एकवीस वर्षं ते वाक्य उतरवतोय, पण त्यात माणूस आहे हे आज कळलं.
पहिले तीन ठराव मंजूर झाले. चौथा आला. धाकटे साहेब म्हणाले, मी तेव्हा बघू म्हणालो होतो. मांडतो, चर्चा होऊ दे. अनुमोदक कोण, असं मीच विचारायचं होतं. विचारलं.
वहिनीसाहेबांनी चष्मा काढला. म्हणाल्या, ह्यांनी जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही. पण गेल्यावरही त्यांच्याकडून हो वदवून घ्यावं, हे तुम्हाला कसं हो सुचलं? रागावून नाही, खरंच विचारत होत्या. मी वहीत ‘अनुमोदक’ एवढं लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली.

१ जुलै
मिनिट्स मीच लिहिली. ते काम दुसऱ्या कुणाला येत नाही. या वेळी मागचं पान बघून उतरवता येईना, त्यामुळे चार ओळींना तीन तास लागले. ‘ठराव क्रमांक चार: अनुमोदक न मिळाल्याने बारगळला.’ धाकट्या साहेबांनी पूर्ण वाचून सही केली. एक काना चुकला होता, तोही दाखवला.
म्हणजे मी पाच महिन्यांपूर्वीच रिटायर झालो आहे. किल्ल्या डिस्पॅचवाल्याकडे दिल्या.
घरी आल्यावर हिने विचारलं, उद्या डबा किती वाजता करू?
नेहमीच्या वेळेला, म्हणालो.