डाव्या टाचेतला तिसरा थर

बाबा,

काल, मंगळवारी, सकाळी साडेअकरा वाजता, मागच्या गॅलरीत बसून मी तुमची लबाडी उघडी पाडली. शब्द जपून वापरते आहे. तुम्ही जाण्याआधी तळ बदलून दिलेले माझे काळे सँडल मी लग्नकार्यापुरते वापरत आले. त्यांच्या टाचा सुटायला लागल्या होत्या. तुम्ही शिकवल्याप्रमाणे ते जुन्या टॉवेलवर उलटे ठेवले, पकडीने चुका, ते बारीक खिळे, उपटल्या, कातडं कापायच्या रापीचं टोक घालून टाचा उकलल्या. उजव्यात रबराचे दोन थर निघाले, भंगारवाल्याकडून तुम्ही आणायचात त्या कोळसाखाणीतल्या, कोळसा वाहून जुन्या झालेल्या पट्ट्याचे. डाव्यात तीन. तिसरा आतल्या कातड्याच्या आड दडवलेला, पुढच्या बाजूने तासून पातळ केलेला, म्हणजे घालणारीलाही चढ कळू नये. आधी वाटलं, चूक झाली असेल. पण तुम्ही खाणीत फिटर होतात. वाकडी चूक सरळ केल्याशिवाय ठोकत नव्हतात. मग मी स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी राहिले आणि डाव्या पायाखाली वर्तमानपत्राची घडी सरकवली. कंबर सरळ झाली. माझा डावा पाय आखूड आहे, हे मला या वयात कळलं. तुम्हाला कधी कळलं?

मला वाटतं, मी पाचवीत असताना. भद्रावतीहून एसटीने चंद्रपूरला कॉन्व्हेंटमध्ये जायची, आणि प्रार्थनेच्या रांगेत सिस्टरने माझ्या स्कर्टची एक बाजू खाली उतरलेली पाहून सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "सरळ उभं राहायला पैसे पडत नाहीत." मी घरी येऊन रडले. त्याच रविवारी तुम्ही माझे शाळेचे बूट मागितलेत, आणि पुढे कधी मोच्याकडे जाऊ दिले नाहीत. क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर आरी, मेण लावलेला दोरा, सोल्यूशनची डबी मांडून तुम्ही बसलेले आहात, आणि आई दारातून म्हणते आहे, "काऊन जी, गावातले मोची मेले का? शेजारीण विचारून राह्यली, बूटवाल्याचं दुकान कधी काढलं म्हणून." तुम्ही मान वर न करता म्हणता, "सांग तिले, उधारी बंद हाय." मला तुम्ही सगळं शिकवलंत. टाके घालायला, तळ घासायला, सोल्यूशन सुकेपर्यंत धीर धरायला. फक्त डावा बूट कधी हातात दिला नाही. "उजवा तू कर, डावा मी करतो." मी घ्यायला गेले की हात बाजूला सारायचात. "थांब, तुले नाई समजत." मी समजत होते, कामाची वाटणी आहे.

मग ती पाहण्याची दुपार. नागभीडची मंडळी समोरच्या खोलीत बसली आहेत, सगळ्यांच्या चपला दाराबाहेर, आणि मी पोह्यांचा ट्रे घेऊन निघते तेव्हा तुम्ही आत येऊन हळूच म्हणता, "सँडल घालूनच ये. फरशी थंडी हाय." मे महिना, बाबा! चंद्रपूर जिल्हा! फरशीवर पापड भाजले असते. मी घातले, कारण तुमचा आवाज वेगळा होता. मुलाची आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबुजली, "पोरगी चपला घालून पोहे वाढून राह्यली व माय! कॉन्व्हेंटची ना!" लग्न तरीही झालं. पण सासूबाई शेवटपर्यंत मला 'मॅडम' म्हणत राहिल्या, आणि जावांनी माझ्या पोरांनाही ती गोष्ट सांगितली. तुम्हाला मुलगी इंग्रजी शिकल्याचा तोरा मिरवायचा होता, असं मी धरून चालले आणि मनातल्या मनात तुमच्यावर चिडत राहिले.

आता मला दुसराच संशय आहे. लग्नानंतर मी सासरी घरभर अनवाणी वावरले आणि कोणी एका शब्दाने काही म्हटलं नाही. म्हणजे दिसण्यासारखं काही नव्हतं. ते फक्त तुम्हाला दिसत होतं. मग त्या दुपारी तुम्ही काय झाकत होतात? माझ्यात खोट आहे, ती कळली तर मुलगी खपणार नाही, असा हिशेब होता का? की सिस्टरसारखं कोणी पुन्हा मला चारचौघांत बोलू नये, एवढंच होतं? दोन्हीला रबर तेवढंच लागतं. मला यातलं कोणतं, ते हवं आहे. आईला माहीत होतं का, तेही. तिनेच तर माझ्या स्कर्टची एक बाजू दरवर्षी उसवून पुन्हा शिवली.

तुम्ही गेल्यावर मी दुकानातल्या चपला घालायला लागले आणि माझी कंबर दुखायला लागली. लोक म्हणाले, वडिलांचं दुःख अंगात मुरलंय. मीही तसंच समजले. गेल्या महिन्यात दुखणं फार वाढलं, म्हणून शुक्रवारी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. काल संध्याकाळी चहा घेताना हे म्हणाले, "मी येतो न सोबत." मी म्हटलं, "नको." त्यांनी विचारलं, "काऊन?" चाळीस वर्षांत त्यांनी मला 'मॅडम' म्हटलेलं नाही, घरात सगळे म्हणत असतानाही नाही. तरी मी कप उचलून आत निघून गेले. सँडल आतल्या खोलीत पलंगाखाली ढकलले होते, ते यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून.

मला लाज वाटली, की यांच्या जिवाला घोर नको असं वाटलं, हे माझं मलाच सांगता येत नाही. तुम्ही हे झाकायचं काम जन्मभर केलंत, तुम्हाला येत असेल. गुरुवारी संध्याकाळी दिवे लागायच्या आत मला लेखी उत्तर पाहिजे, कारण तोंडी विचारलं की तुम्ही हात बाजूला सारता. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, आणि ती सबब मी ऐकून घेणार नाही. यांना काय सांगू, एवढं तरी लिहा.